आबांच्या कात्रीतून सुटलेला पेपर

आमच्या घरात पेपर यायचा तो चाळणी होऊन. पहिल्या लढाईतून हवालदार होऊन परतलेले माझे वडील, आबा, सांगलीच्या हळद बाजारात एका पेढीवर मुकादम होते. पेढीवर सगळ्यांचा वाचून झाला की संध्याकाळी ते पेपर घरी आणायचे आणि उंबऱ्याशी बसून, पोत्यांची सुतळी कापायच्या कात्रीनं त्यातला वाईट भाग काढून टाकायचे. मग तो माझ्या हातात. आईला अक्षरओळख नव्हती, भावंडं नव्हती. म्हणजे ही सगळी कापाकापी माझ्या एकटीसाठी.

ही विद्या ते पलटणीत शिकले. "आमची पत्रं सायेब आदी वाचायचा. नगं ती वळ काडायचा, मग टपालात टाकायचा. त्यानं कोण मेलं न्हाई," असं अगदी अभिमानानं सांगायचे. मला राग यायचा तो या अभिमानाचा. आपल्यावर झालेली जबरदस्ती माणूस इतक्या मायेनं घरी कशी आणतो, हे मला आजही कळलेलं नाही.

सिनेमातल्या नट्या जायच्या, पळून गेलेल्या पोरी जायच्या, खून आणि काडीमोड तर जायचेच. त्यांच्या पाठीमागं जे छापलेलं असेल तेही बिचारं फुकट जायचं. तेव्हा दुसरी लढाई पेटलेली. कोणतं शहर पडलं ते जीव मुठीत धरून वाचत यावं, तर नेमकं शहराच्या नावावर भोक. मी पेपर आपटायची. आईचं दुखणं निराळंच. "आवं, असली रद्दी वाणी घेत न्हाई. निदान कडंकडंनं तरी कापा," म्हणायची.

त्या वर्षी मी सातवीची फायनल पास झाले. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. त्यासाठी साताऱ्याला ट्रेनिंगला जावं लागे, आणि अर्ज कधी करायचे ते पेपरात येई. आबांना तसं सांगून ठेवलं होतं. ते "हं" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावरच मी हुरळून गेले.

पुढं एकदा बाजारात वर्गातली मैत्रीण भेटली. "तुझा अर्ज गेला का? मुदत काल संपली," ती म्हणाली. मी तशीच तिच्या घरी गेले. तिचे वडील डॉक्टर, त्यांच्याकडं पेपर अख्खा यायचा आणि अख्खाच राहायचा. तिनं तो अंक काढून दिला. चौकटीत जाहिरात होती. आमच्या अंकात तिथं भोक होतं, हे मला पक्कं आठवत होतं.

माझा सगळा संताप मागच्या पानावर असेल त्या नटीवर. कोण ती भवानी, जिच्यापायी माझं वर्ष बुडालं, ते तरी बघावं म्हणून पान उलटलं. मागं डोकेदुखीच्या मलमाची डबी होती. नुसती डबी, आणि ते कसं चोळायचं ते खाली लिहिलेलं. मी कितीदा तरी पान उलटून पाहिलं.

संध्याकाळी आबा उंबऱ्याशी बसले होते.

"आबा, माजी जाहिरात तुमी मुद्दाम कापली."

"व्हय." हात थांबला नाही.

"का पर?"

"तितं बोर्डिंगात ऱ्हाशील. कुनाकुनाची पुस्तकं, कसले कसले पेपर. तुज्या आदी ते वाचून बगायला तितं कोण हाय?"

"मी हाय की," मी म्हणाले.

आई चुलीपुढून उठून दारात आली. आबांनी पान उलटलं आणि पुन्हा कापायला घेतलं. पुढच्या वर्षी ती जाहिरात येण्याआधीच त्यांनी माझं लग्न लावून दिलं.