पातूरची डावखुरी गोगलगाय

सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "पातूरला येतेस का? डोळे आहेत तोवर ती गोगलगाय एकदा बघून येऊ."

सर आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तीस वर्षांपूर्वी पातूरजवळच्या एका नाल्यात त्यांना छोटी, जंगली गोगलगाय सापडली होती. बहुतेकींचा शंख उजवीकडे वळतो, हिचा डावीकडे. नेमकी जागा कुठली, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

ऑगस्टमधल्या शनिवारी अमरावतीहून सकाळच्या एसटीने निघालो, अकोल्याला गाडी बदलली. पातूरच्या स्टँडवरच पोटभर भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. इथे बाहेरचे लोक येतात ते जुनी लेणी बघायला, म्हणून ऑटोवाला आम्हाला तिकडेच नेत होता. सरांनी त्याला नाल्याकडे वळायला सांगितलं.

"गोगलगाय पाहाले आले? अमरावतीहून?" असं विचारत त्याने ऑटो वळवला.

नाल्याला लागून सोयाबीनचं शेत, पलीकडे जंगल. शेताच्या मालकीण वनिताबाई आम्हाला बघून बांधावर आल्या. सर गुडघे टेकून पालापाचोळा उलटू लागले. पहिला शंख मिळाला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. शंख रिकामा होता. मग दुसरा, तिसरा. सगळे डावे, सगळे रिकामे. पानांमध्ये निळ्या गोळ्या विरघळत पडल्या होत्या.

"त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीनं दोन साल पीक खाल्लं जी," वनिताबाई म्हणाल्या. "दुकानदारानं गोगलगाय मारायच्या गोळ्या देल्ल्या. नाल्यापर्यंत टाकल्या."

"ही पीक खात नव्हती, बाई. सडकी पानं खायची," सर म्हणाले.

"मले काय मालूम? मंग काहून नाही सांगाले आले कोणी?"

सरांनी हातातले शंख परत पानांवर ठेवले. शंख जमवणारे येऊन उचलून नेतील, या भीतीने त्यांनीच जागा लपवली होती.

शेवटी मीच गोळ्यांशिवायचा उपाय सांगितला. रात्री ओलं गोणपाट पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या मोठ्या गोगलगायी हाताने वेचायच्या. वनिताबाईंनी ऐकून घेतलं, माझा नंबरही घेतला.

महिन्याभराने वनिताबाईंचा फोन आला. "गोळ्या बंद केल्या. वेचून राहिलो आमी. मोठ्या बकेटभर भेटतात. रोज नाल्यात पाहातो, तुमची नाही भेटली."

सरांना फोन करून कळवलं.

"लिही तू," ते म्हणाले. "जागेचं नाव घालून लिही."