धमकी ऐकली आणि जेवायला नेलं

दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भरदुपारी दंडारीचा, आमच्याकडच्या लोकनाट्याचा, खेळ उभा राहतो. त्यातला सोंगाड्या मी. सोंगाड्याने गावच्या बड्या माणसाची सगळ्यांसमोर खेचायची, त्याने पहिल्या रांगेत बसून हसायचं आणि खेळ संपला की आम्हा सगळ्यांना आपल्या घरी जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत.

त्या वर्षी मी लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून सरपंचांपुढे ठाकलो.

"सरपंच, औंदा रस्ता नाही झाला त मतदानाच्या दिवशी तुमाले खुर्चीसंगं तलावात बुडवीन!"

सरपंच पोट धरून हसले. पण आठवडाभरात ते वाक्य फोनाफोनांतून तालुकाभर फिरलं आणि सरपंचांच्याच तक्रारीवरून माझ्यावर जिवे मारण्याच्या धमकीचा गुन्हा दाखल झाला.

गोंदियाच्या कोर्टात सरकारी वकिलांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. इतकं सपाट, की गुन्हा घडला असेल तर तो तिथेच! मग माझे वकील उठले आणि साक्षीला उभ्या सरपंचांकडे वळले.

"धमकी सुनने के बाद क्या किया आपने?"

"जेवाले नेलो घरी," सरपंच म्हणाले.

"जो जान लेने वाला था, उसको?"

"काऊन नाही नेणार? रीत हाय, साहेब. दोनदा भात वाढला त्याले."

न्यायाधीशांनी रुमालाने तोंड पुसलं, बराच वेळ.

सरकारी वकील मात्र ढळले नाहीत. भीती नंतर वाटली, म्हणाले. खरंच होतं ते. सरपंचांना भीती वाटली मतदानाची. तिच्यासाठी कायद्यात कलम नाही, म्हणून माझ्यासाठी शोधलं.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकिलांनी माझ्यापुढे कोरा कागद धरला. "माफी लिहा, तडजोड करू. नाहीतर शिक्षा होऊ शकते."

बायकोने सकाळीच बजावलं होतं, "जेलात गेले त डबा आणीन. माफी मांगून आले त घरीबी जेवण नाही."

मी कागद घेतला. लिहिलं, "रस्ता अजून झालेला नाही." खाली झोकात सही ठोकली.

"ही माफी आहे?"

"नाही, साहेब. येत्या मंडईतलं माझं पहिलं वाक्य. पुरावा आधीच देऊन ठेवतो."

निकाल अजून यायचा आहे. लुगडं धुऊन ठेवलंय.