तराजूबाईंचा हेका

ऑफिसात त्यांना सगळे तराजूबाई म्हणत. विजेच्या प्रकल्पांनी निसर्गाचं काय बिघडतं, हे तपासणं त्यांचं काम. धूर, पाणी, जमीन, मासे, प्रकल्पापायी उठवली जाणारी घरं, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं आणि कोणता प्रकल्प कमी नुकसानीचा ते सांगायचं.

नव्या धरणाचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं.

"धुराला भरपूर वजन द्या, बाकीचं नावापुरतं. कोळसा मागे पडतो, धरण पुढे येतं."

"आणि पवनचक्क्या? त्या तुलनेत घेतल्याच नाहीत."

"बाई, उगाच फाटे फोडू नका."

घरीही तेच. कोळशाच्या वीजकेंद्राची राख थेट खिडकीत यायची आणि सासूबाई खोकून बेजार व्हायच्या. "होऊ दे गं ते धरण," त्या म्हणाल्या. "राख तरी थांबेल."

"आई, धुराचं वजन मी कमी करणार नाही. पण नदीकाठच्या घरांचं शून्य कसं धरू?"

सासूबाईंनी पातेलं जरा जोरातच आपटलं.

बाईंनी वेगवेगळी वजनं धरून पाहिली. धूर वर ठेवला की धरण आणि पवनचक्क्या बरोबरीत. घरं, मासे धरले की धरण पार घसरे. अहवालात त्यांनी हे सगळंच मांडलं. साहेबांनी तो परत पाठवला. बाईंनी काना-मात्रा न बदलता तोच पुन्हा दिला. मग त्यांची रवानगी तळमजल्यावर, जुन्या मीटरांच्या गोदामाशेजारी झाली.

जाहीर सुनावणीला त्या रजा टाकून गेल्या. सासूबाईही हट्टाने सोबत आल्या.

"तुम्ही कर्मचारी आहात, इथे बोलू नका," मंचावरून साहेब म्हणाले.

"आज रजेवर आहे. वजनं कोणी ठरवली, तेवढं सांगा."

"राखेने त्रासलेल्या लोकांसाठीच धुराला जास्त वजन दिलंय," साहेब कागद चाळत म्हणाले. तेवढ्यात सासूबाई उठल्या. "राख मी खाते. माझ्या नावाने धुराला वजन दिलंत म्हणे. मला विचारलं कोणी?"

सभागृहात एकच गलका झाला. सुनावणी तहकूब करावी लागली. पुढे पवनचक्क्या तुलनेत आल्या आणि वजनं ठरवायला नदीकाठची, राखेच्या वस्तीतली माणसं बसली. निकाल अजून लागायचाय.

बाई मात्र तळमजल्यावरच आहेत. माफी मागितली तर वर घेऊ, असा निरोप आला होता.

"मागणार नाही," त्या म्हणाल्या, आणि गोदामवाल्याकडून एक टेबलफॅन मागून घेतला.