वीरभद्रम सरांचे पाठीमागचे हात

१० जून २०१३ रोजी स्वर्णलतानं अमीरपेटेतल्या वीरभद्रम सरांच्या क्लासमध्ये तीन हजार रुपये भरले. फी ठरली होती सव्वातीन हजार.

वीरभद्रम सर पूर्वी टायपिंग शिकवत. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा चाळिशी उलटलेली. तरी आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्यासमोर बाकावर बसून ते प्रोग्रामिंग शिकले. त्यांचा एक नेम होता. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. वर्गात हिंडताना त्यांचे हात कायम पाठीशी बांधलेले.

जुलैतल्या एका शनिवारी स्वर्णलता रडकुंडीला आली. सोमवारी एका शाळेत तिला नमुना पाठ द्यायचा होता. तो साधला तर संगणक शिक्षिकेची नोकरी, नाहीतर पुन्हा साड्यांचं फॉल-पिको. प्रोग्राम एवढासा: आधी वय विचारायचं, मग नाव, मग नमस्कार करायचा. पण वय टाकून एंटर दाबलं की तो नावासाठी थांबतच नव्हता. नावाशिवायच नमस्कार करून मोकळा.

“सर, हा मला नाव टाकूच देत नाही!”

“अक्का, त्याला वाटतंय तुम्ही टाकलंत.”

“कधी टाकलं? तुम्हीच करून द्या ना, दोन मिनिटांचं काम.”

“आणि सोमवारी काय, तुमच्या पदराआड उभा राहू?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. सरांनी स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर ‘४१’, दुसरीवर ‘एंटर’.

“तुम्ही प्रोग्राम. आकडा घ्या.”

तिनं ४१ उचलली.

“आता नाव घ्या. एंटर दिसेपर्यंत जे येईल ते नाव.”

तिनं पेल्यात हात घातला. हाती लागली ती मघाचीच एंटरची चिठ्ठी. त्याआधी काहीच नव्हतं.

“अय्यो! आधीचं ताट उचललंच नाही आणि पुढची पंगत बसवली मी!”

“मग उचला.”

मधे एक ओळ घालून तिनं तो उरलेला एंटर वाचून टाकला. या वेळी प्रोग्राम नावासाठी मुकाट थांबला. सरांचे हात अजून पाठीशीच होते.

सोमवारी मुख्याध्यापिका स्वतःच संगणकापुढे बसल्या. त्यांनी ५७ टाकलं, मुली खुदकन हसल्या, प्रोग्राम थांबला. स्वर्णलतानं खडू उचलला आणि तो का थांबला ते पेला घेऊन समजावलं. नोकरी तिलाच मिळाली.

पहिल्या पगाराला ती सरांकडे अनारशांसारख्या गोड अरिसेलूंचा डबा घेऊन गेली. फीचे अडीचशे रुपये तिच्याकडून अजून यायचे आहेत.