आत कोण आहे?

दिल्लीत धुकं पडलं की मी घरातून लवकर निघते. लक्ष्मीबाई नगरहून छावणीपर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता त्या दिवसांत तास-सव्वातास खातो. निवृत्त होईपर्यंत मी प्रसूती विभागात नर्स होते. आता आठवड्यातून तीन दिवस छावणीतल्या जवानांच्या क्वार्टर्समध्ये जाते, गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना भेटते. बऱ्याच जणी सातारा-सांगलीकडच्या असतात. आई महिनाभर राहून परत गेलेली, नवरा ड्यूटीवर, शेजारीण पंजाबी नाहीतर मल्याळी. मराठी बोलणारं कोणी दारात आलं तरी त्यांना निम्मं बरं वाटतं.

ही गोष्ट अशाच एका घरातली. त्या दोघांना विचारूनच लिहिते आहे.

मुलगी तेवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. बाळ चाळीस दिवसांचं, मुलगी. तळमजल्याचं क्वार्टर, मागे अरुंद गल्ली आणि भिंतीपलीकडे कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं. तिसऱ्या भेटीत मी बाळाचं वजन करत होते तेव्हा ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "ताई, सकाळी खिडकीशी कुणीतरी येतंय."

"कोण?"

"दिसत न्हाई नीट. धुकं असतंय ना. काळं काळं दिसतं. उभं राहतं आणि आत बघत बसतं. मग जातं."

"तुमचे हे कुठे असतात तेव्हा?"

"पीटीला. ते आले की त्यांना सांगते, ते बाहेर जाऊन बघून येतात. म्हणतात, कुणी न्हाई." तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. "ताई, त्याला हात न्हाईत."

मी अनुभवी बाई. मी तिला झोप किती होते ते विचारलं. तीन तास, कधी दोन. मग ती म्हणाली, सासरे वारून सात-आठ वर्षं झाली, तिने त्यांना पाहिलंही नव्हतं, घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. गावाकडे फोनवर कोणीतरी म्हणालं होतं, नात बघायला येत असतील.

मी तिला समजावलं. झोप झाली नाही की असं होतं, म्हटलं. आणि बाहेर पडल्यावर रजिस्टरमध्ये लिहिलं: बाळंतिणीला भास होतात, डॉक्टरांना दाखवणे. ते अक्षर माझंच आहे. आजही मला ते पान उघडावंसं वाटत नाही.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम लवकर गेले, आठच्या आधी. खोलीत शेगडीवर ओव्याची धुरी चालू होती. मी पलंगावर बसून बाळाच्या पायांना तेल लावत होते. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाळ खिडकीकडे टक लावून बघत होतं. एवढी लहान मुलं उजेडाकडे बघतातच, त्यात काही नाही. तरी मी मान वळवली.

काचेवर बाहेरच्या बाजूने वाफेचा एक गोल होता, तळहाताएवढा. माझ्यासमोर तो विरत गेला. मग पुन्हा उमटला. पुन्हा विरला. कोणीतरी काचेला नाक लावून संथपणे श्वास घेत होतं. वाफेमागे खांदे होते, डोकं होतं. खांद्यांच्या खाली हात नव्हते.

तेलाचे हात तसेच, मी बाळाला छातीशी धरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन तिच्या हातात बाळ दिलं, म्हटलं, "इथून हलू नकोस." आणि मागचं दार उघडून गल्लीत गेले. ते धाडस नव्हतं. आत थांबून त्या काचेकडे बघत बसणं मला जमलं नसतं, एवढंच.

गल्लीत चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत लावत मी खिडकीपाशी पोचले. तिचा नवरा होता. पीटीचे कपडे, कानटोपी, दवाने ओले झालेले खांदे. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलेलं की बोटं पांढरी पडली होती. मी आल्याचं त्याला कळलं, पण त्याने मान वळवली नाही.

मला रागवायचं होतं. का कोण जाणे, मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्यासारखीच आत बघू लागले. रिकामा पलंग, दुपटं, शेगडीचा धूर.

"काय बघता?" मी विचारलं.

त्याने नजर काचेवरून काढली नाही. मग म्हणाला, "बाप घरात आहे का, ते."

त्याच्या आवाजात काही वेडंवाकडं नव्हतं. कोणी पत्ता सांगावा तसा तो सांगत होता. "शाळेतून आलो की आधी खिडकीतून बघायचं. बाप घरात असला तर आत जायचं न्हाई. आई आणि धाकटा आत असले तरी न्हाई. मी बाहेर थांबायचो. आतलं सगळं ऐकू यायचं."

"आणि आता?"

"आता रोज बघतो. ती असते, पोरगी असते. सगळं निवांत असतं. बाप नसतो." त्याने मनगट आणखी आवळलं. "मग मी आत जातो. आणि मॅडम, मी आत गेलो की बाप घरात असतो."

धुक्यात कुठेतरी शिट्टी वाजली. तो पुढे म्हणाला, पोरगी झाली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याला खोकला आला, आणि तो खोकला त्याचा नव्हता, बापाचा होता. त्याने मागे वळून पाहिलं होतं. मागे कोणी नव्हतं. तेव्हापासून त्याने मुलीला एकदाही उचललेलं नव्हतं. बायकोला वाटत होतं, मुलगी झाली म्हणून तो नाराज आहे.

मी म्हणाले, "चहा झालाय. या आत." तो हलला नाही. मी म्हटलं, "मी पुढे होते, तुम्ही माझ्या मागून या."

बायकोला त्याने स्वतः सांगावं, हा माझा हट्ट होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बूट न काढताच बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. ती बाळाला पाजत ऐकत होती. रडली नाही. सगळं संपल्यावर तिने आधी राग काढला: "एवढे दिवस मला वाटलं मीच येडी झाले." मग ती म्हणाली, "उद्यापासून खिडकीशी जायचं न्हाई. दार वाजवायचं आणि विचारायचं, आत कोण आहे. मी सांगेन."

मला ते पोरकट वाटलं होतं. पण पुढच्या भेटीत मी आत असताना दारावर थाप पडली आणि बाहेरून त्याचा आवाज आला, "आत कोण आहे?" तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "मी आणि पोरगी. ताई आल्यात. या." दाराखालच्या फटीत बुटांची सावली तशीच होती. मग कडी वाजली.

रजिस्टरमधली ती ओळ मी खोडली आणि शेजारी खरं काय ते लिहिलं. इस्पितळातल्या समुपदेशक बाईंकडे मी त्याला पाठवलं. आधी तो जाईना, नोंद होईल, प्रमोशन अडेल म्हणायचा. मग गेला, मध्ये सोडलं, पुन्हा गेला. सगळं सरळ झालं असं नाही. एकदा बायको बाळाला त्याच्या मांडीवर देऊन आंघोळीला गेली आणि बाळ रडायला लागलं. त्याने बाळाला पलंगावर मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि तो थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बायको संतापली. समुपदेशक बाई म्हणाल्या, हात उठेल अशी भीती वाटली तर बाळाला सुरक्षित ठेवून बाजूला होणं हेच बरोबर; फक्त उशा नकोत, आणि बायकोला हाक मारून जायचं. त्याने ऐकून घेतलं. पटलं की नाही, सांगता येत नाही.

होळीच्या सुमारास मी त्याच्याकडून मुलीला आंघोळ घालून घेतली. मी शेजारी बसून फक्त सांगत होते. त्याने पाणी कोपराने तीनदा तपासलं, मग तिला अगदी सावकाश टबात उतरवलं. मुलगी मात्र खुशीत पाय मारत होती. मान कशी धरायची ते त्याला लगेच जमलं. पुसून झाल्यावर त्याने तिला बायकोकडे दिलं आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. त्याची बायको कधीमधी फोन करते. मुलगी आता चालते, त्याच्याकडे जाते, तो तिला उचलतो. मुलीवर कधी ओरडला की त्याला दोन दिवस जेवण जात नाही, असंही ती सांगते.

माझ्या कामात एक बदल झाला. छावणीत मी गरोदर बायकांचा वर्गही घेते; पूर्वी त्यात मी नवऱ्यांना बाहेर बसवायचे. आता त्यांना आत घेते, आणि दूध, लसी, ताप हे सगळं सांगून झाल्यावर विचारते, "तुम्ही लहान असताना घरात कोणाची भीती वाटायची?" काही हसतात, बरेचसे मोबाइल काढतात. "उत्तर द्यायलाच हवं असं नाही," मी सांगते आणि वर्ग संपवते.

मागच्या आठवड्यात सगळे गेले तरी एकजण मागच्या रांगेत बसून राहिला. बायको बाहेर रिक्षापाशी त्याची वाट बघत होती. तो दाराकडे तोंड करून बसला होता, अगदी ताठ. मी खुर्च्या आवरायला घेतल्या नाहीत. त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसले, आणि मीही दाराकडेच बघत राहिले.