बोकडाच्या लेंड्या आणि आमचा कढीपत्ता

सासूबाई तीन महिन्यांसाठी कार्ल्सरूहेला आल्या, त्या मुलाला भेटायला नव्हे तर आमचा कढीपत्ता जगवायला, असं माझं मत आहे. जर्मनीतल्या मराठी घरात कढीपत्त्याची कुंडी म्हणजे आजारी नातेवाईक. थंडीत तो बोडका होतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण औषध सुचवतो. सासूबाईंनी त्याला ताक पाजलं, अंड्याची टरफलं घातली, एकदा चांगलं झापलंही. पान काही फुटेना.

माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. मी श्टाइनबॉकवर, म्हणजे आल्प्समधल्या लांब शिंगांच्या रानबोकडावर पीएच.डी. करते. प्रत्यक्षात डोंगरभर त्याच्या लेंड्या वेचते, कारण लेंडीवरून जनुकं कळतात. माझा कळप दरवर्षी रोडावतोय. जे उरलेत ते सगळे आपसातलेच, त्यामुळे रोगाशी लढणारी जनुकंही सगळ्यांची जवळजवळ सारखी. एखादी साथ आली तर सगळे एकदम आडवे. त्या वसंतात मात्र पलीकडच्या खोऱ्यातून एक अनोळखी बोकड आला. तो खरोखर बाहेरचा निघाला, तर कळपाला आशा होती. दिवसभर त्याच्यामागे हिंडून मी त्याच्या लेंड्यांची एक पिशवी मिळवली.

परतले तर फायरटाग, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. इन्स्टिट्यूट बंद. मग सगळ्या पिशव्या घरच्या फ्रीजरमध्ये, मटार आणि खोवलेल्या नारळाच्या मधे ठेवल्या आणि प्रत्येकीवर ठळक लिहिलं, ‘खाऊ नये’.

हे सगळं कशासाठी, असं सासूबाईंनी विचारलं. मी समजावू लागले, की हे बोकड आपसातच सोयरिकी करतात, चुलत, मावस, मामे... आणि माझी जीभ अडखळली. सासूबाई स्वतः माझ्या सासऱ्यांच्या मामाची मुलगी. त्यांच्या सासूबाईही तशाच. साताऱ्याकडच्या त्या दोन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर बघितलंच नाही. बाहेरून आलेली पहिली सून मी, तीही थेट नागपूरची, आणि सासूबाईंच्या मनाविरुद्ध. त्या घरात सगळ्यांचं नाक सारखं आणि सर्दीही सगळ्यांना एकाच दिवशी होते. मी एकटी धडधाकट राहते आणि काढे करत फिरते.

सासूबाई म्हणाल्या, थांबलीस का, बोल की. मी घाईघाईने हवामानाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजर उघडला, तर पाहुण्या बोकडाची पिशवी रिकामी. सासूबाई बाल्कनीत कढीपत्त्याजवळ समाधानाने उभ्या.

“अहो आई, पिशवीवर लिहिलं होतं ना?”

“खाऊ नये, असं लिहिलं होतं. मी कुठे खाल्लं?”

लेंडीखत घरात पडून असताना झाड मरू द्यायचं, हे त्यांना पटेना. त्यातही बाकीच्या पिशव्या सोडून त्यांनी नेमकी हीच उचलली, कारण हिच्यातल्या लेंड्या टपोऱ्या होत्या. मला रडू कोसळलं. नवरा म्हणाला, आल्झो, म्हणजे ‘तर मग’, जरा शांतपणे विचार करू या. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

नशीब, कुंडीला पाणी घालायचं राहिलं होतं. माझं रडणं बघून सासूबाईंनी चष्मा लावला, पदर खोचला आणि माझा चिमटा घेऊन तांदळातले खडे वेचावेत तशा त्या लेंड्या वेचू लागल्या. एकेक माझ्या नाकासमोर धरून विचारायच्या, हा पाहुणा की माती? समोरच्या बाल्कनीतल्या जर्मन आजी कॉफी पीत सगळं बघत होत्या. त्यांनी हात हलवला. सासूबाईंनीही चिमट्यासकट हलवला.

तपासणीला बरेच महिने लागले. तोवर सासूबाई परत गेल्या होत्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलाची चौकशी नंतर, आधी बोकडाची, ‘नवरदेवाचं काय झालं?’ वेचताना निसटलेल्या दोन-चार लेंड्यांवर कढीपत्ता इतका माजला होता, की शेजारच्या मराठी घरांना मी जुड्या वाटत होते.

मग निकाल आला. लेंड्या वाया गेल्या नव्हत्या, जनुकं स्वच्छ वाचता आली. पण तो बोकड पाहुणा नव्हताच. याच कळपातला, कधीतरी डोंगरापलीकडे भरकटून परत आलेला. जनुकं तीच, जी सगळ्यांची.

त्या रविवारी मी सासूबाईंना सांगितलं आणि सांगताना पुन्हा रडले. बोकडासाठी कोणी रडतं का, असं त्या म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं. तिकडे सर्दीची लाट आलेली दिसत होती, त्यांचंही नाक लाल झालं होतं.

“येईल गं कोणीतरी,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे नाही का, तू उशिराच आलीस.”

त्यांच्यामागे सासरे आणि दीर एकदमच शिंकले.