अर्थिंगची तार

जिन्यातल्या बोर्डात न्यूट्रल नव्हतं. आमच्या श्रीरामपूरच्या घराचं वायरिंग जुन्या पद्धतीचं: बटणापर्यंत करंट आणणारा फेज येतो, तिथून दिव्याकडे जातो, आणि करंट परत नेणारं न्यूट्रल परस्पर दिव्याला. मी ऑनलाइन मागवलेल्या स्मार्ट स्विचला मात्र न्यूट्रल हवं होतं. पप्पांनी बजावलं होतं, "तू हात लावू नकोस. काकांना बोलव." काका म्हणजे आमचे वायरमन. घराचं वायरिंग त्यांच्याच हातचं.

मी बोलावलं नाही. कुणाला फोन करायचा म्हटलं की मी आधी वाक्यं मनात जुळवते, इंग्रजीत, मग मराठीत, आणि तोवर फोन राहून जातो. घरी कुणी नसताना मेन बंद केला, बोर्ड उघडला, आणि त्यातून जाणारी हिरवी अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी जोडली. एका व्हिडिओत तसं पाहिलं होतं. दिवा मोबाईलवरून लागला.

संध्याकाळी पप्पांनी तो चार वेळा लावून बघितला. "काका येऊन गेले वाटतं?"

मी "हो" म्हणाले.

आठवड्याने मम्मीला फ्रिजच्या दाराचा झटका बसला. हात कोपरापर्यंत बधिर. पप्पांनी काकांना बोलावलं आणि दारातच विचारलं, "काय काम करून गेलात हो?"

"सर, मी आलोच न्हाई."

"मग माझी मुलगी खोटं बोलते?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी फरशीकडे. मग त्यांनी बोर्ड उघडला. टेप सापडली नव्हती म्हणून मी तारेला औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती.

"अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय, सर. ह्या तारेतला करंट जमिनीत जाईना, हीच तार फ्रिजला हाय, म्हणून तिथं उतरतोय. पण ही जोडणी माझी न्हाई."

पप्पांनी ऐकलं नाही. काकांनी तार सोडवली, दिवा पुन्हा साध्या बटणावर घेतला आणि गेले.

पप्पा चर्चच्या कमिटीवर आहेत. नाताळची रोषणाई दरवर्षी काकाच करायचे. ती बघूनच लोक त्यांना घरची कामं द्यायचे. त्या वर्षी काम दुसऱ्याला गेलं. "मीच सांगितलं कमिटीला," पप्पा जेवताना म्हणाले. मी ताटात भात वाढून घेतला.

रोषणाई लागल्यावरच्या रविवारी, चर्चमधून येताना मी पप्पांना खरं सांगितलं. त्यांनी स्कूटर कडेला घेतली. मला वाटलं, ओरडतील. "आता कमिटीला काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाले, आणि पुन्हा स्कूटर सुरू केली.

गुरुवारी पप्पा रोजच्यासारखे स्कूटरवरून कामावर गेल्यावर मी एकटीच काकांच्या दुकानात गेले. ते पंख्याचं वायंडिंग करत होते. मी जुळवून नेलेली सगळी वाक्यं विसरले.

"काका, ते मी केलं होतं."

"ठावं हाय, ताई. बोर्ड उघडला तवाच कळलं."

"सॉरी."

"सरांना सांगितलं का?"

"हो. रविवारी."

त्यांनी तारेचे आणखी दोन-तीन वेढे घातले. "मग सर आले न्हाईत."

"पप्पांना ताप आहे," मी म्हणाले.

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. "लई हाय का? मम्मींना म्हणावं, काही लागलं तर फोन करा."